चिप मेली की मारली गेली?

निरोगी झेडएक्स स्पेक्ट्रम संगणक चालू केला की टीव्हीचा पडदा आधी काळा होतो. त्यावर बारीक लाल उभ्या रेघा येतात, क्षणभराने सगळं पांढरं होतं आणि तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ सालची कॉपीराइटची ओळ उमटते. पुण्यात एका टेबलावर उघडून ठेवलेला स्पेक्ट्रम यातलं काहीच करत नव्हता. पडदाभर उभे पट्टे आणि रंगीत चौकटी आल्या नि तिथेच थांबल्या. टेबलाच्या एका बाजूला मामा, ज्यांची उमेदीची सगळी वर्षं आधी टीव्ही आणि पुढे संगणक दुरुस्त करण्यात गेली. दुसऱ्या बाजूला त्यांची भाची, जी गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी फर्मवेअर लिहिते. बिघाड मेमरीत आहे यावर दोघांचं लगेच एकमत झालं. पुढे काय करायचं यावर मात्र वाजलं.

“खालच्या मेमरीच्या आठ चिपा आहेत,” भाची म्हणाली. “आठही काढू, सॉकेट लावू आणि आजच्या स्टॅटिक रॅमचं मोड्यूल बसवू. चाळीस वर्षांपूर्वीच्या चिपांवर भरवसा कशाला ठेवायचा?”

“आधी मीटर दे,” मामा म्हणाले.

स्पेक्ट्रम बाजारात आला एप्रिल १९८२ मध्ये. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना, ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. केंब्रिजच्या सिंक्लेअर कंपनीने तो घडवला, स्कॉटलंडमधल्या डंडीच्या टायमेक्स कारखान्यात तो जुळवला जाई. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकला, त्यामुळे इकडच्या काही माळ्यांवर तो अजून सापडतो. त्याच्या पहिल्या १६ किलोबाइटसाठी, म्हणजे खालच्या मेमरीसाठी, ४११६ नावाच्या आठ चिपा असतात. प्रत्येकीत १६,३८४ खण आणि प्रत्येक खणात एकच बिट. एक बाइट लिहायचा तर आठही चिपांनी आपापला एकेक बिट सांभाळायचा. म्हणून एक चिप बिघडली की मेमरीचा एखादा कोपरा जात नाही, प्रत्येक बाइटमधला तोच एक बिट जातो.

आणि पडद्यावरचं चित्रही याच मेमरीत राहतं. तिचे पहिले ६,९१२ बाइट पडद्याचे. एखादा बिट कायमचा १ वर अडकला की पडद्याच्या बत्तीसही रकान्यांत त्याच जागी एकेक बारीक रेघ उभी राहते. रेघा पाहून कुठली चिप ते सांगता येतं. जुन्या यंत्रांपैकी फार थोडी आपलं दुखणं इतकं उघड दाखवतात.

“मग रेघ बघ, चिप शोध, बदल. झालं,” भाची म्हणाली.

“कुठली बिघडली ते रेघ सांगते. का बिघडली ते सांगत नाही.” मामांनी मीटरचा काळा प्रोब जमिनीला लावला आणि लाल प्रोब एका चिपेच्या पिनांवरून फिरवला. ४११६ ला तीन वेगवेगळे पुरवठे लागतात: ९ क्रमांकाच्या पिनेवर अधिक ५ व्होल्ट, ८ वर अधिक १२ आणि १ वर उणे ५. जमीन १६ वर. पाच व्होल्ट ठणठणीत होते. बारा व्होल्ट कुठल्या कुठे उतरले होते आणि उणे पाचच्या पिनेवर काहीच नव्हतं.

“बघ,” ते म्हणाले, “आत्ता तू इथे नव्याकोऱ्या आठ ४११६ लावल्या असत्यास तर आठही गेल्या असत्या.”

हे त्यांचं बोलणं घाबरवण्यासाठी नव्हतं. उणे ५ व्होल्ट चिपेच्या सिलिकॉनच्या पायथ्याला दिलेले असतात. त्यांच्यामुळे आतल्या ट्रान्झिस्टरांभोवतीचे नको ते मार्ग बंद राहतात. ते नसताना बारा व्होल्ट आले तर चिपेतून भलताच प्रवाह वाहतो, ती तापते आणि जळते. म्हणून या चिपांच्या बाबतीत नियम असा की उणे पाच जोडताना पहिले आणि तोडताना शेवटचे. स्पेक्ट्रममध्ये बारा आणि उणे पाच दोन्ही एकाच छोट्या मंडळातून तयार होतात: टीआर४ आणि टीआर५ हे दोन ट्रान्झिस्टर आणि एक कॉइल. अडॅप्टरमधून येतात फक्त ९ व्होल्ट. टीआर४ गेला की दोन्ही पुरवठे बिघडतात आणि पडद्यावर दिसतो तो मेमरीचा बिघाड.

टीआर४ कशाने जातो? मागच्या उघड्या कडेवर जॉयस्टिकचा इंटरफेस लावलेला असतो, खेळताना तो हलतो, शेजारशेजारच्या पट्ट्या क्षणभर एकमेकींना टेकतात आणि काम होतं. पण उलटही घडतं. एखाद्या ४११६ च्या आत शॉर्ट होतो, ती बारा व्होल्टांची लाइन खाली ओढते आणि तिच्या ओझ्याने टीआर४ जळतो. दोन प्रेतं सापडतात आणि कोणी कोणाला मारलं ते दिसत नाही. म्हणून मामांनी वीज बंद करून प्रत्येक पुरवठ्याचा जमिनीशी असलेला रोध मोजला. बारा व्होल्टांच्या लाइनवर शॉर्ट नव्हता. मग टीआर४ काढून तपासला, तो गेलेला निघाला. तो बदलला, दोन कंडेन्सर बदलले (मामांच्या पिढीचे तंत्रज्ञ अजून कंडेन्सरच म्हणतात), आणि बारा व उणे पाच पूर्ववत झाल्यावरच ते चिपांकडे वळले.

भाचीने हे सगळं लक्ष देऊन पाहिलं, पण तिचा मुद्दा तिने सोडला नाही. “तू आत्ता जे सांगितलंस ना मामा, तेच माझं कारण आहे. ज्या चिपेला तीन पुरवठे लागतात आणि एक हुकला की जी मरते, ती परत का बसवायची? १९७६ साली मॉस्टेकने ती काढली तेव्हा तसं करणं भाग होतं. पुढच्या ४१६४ ला एकच ५ व्होल्ट पुरतात. स्टॅटिक रॅमला तर रिफ्रेशही लागत नाही. दर २ मिलिसेकंदांत १२८ ओळी उजळत बसायची कटकट संपली. उणे पाच कायमचे बंद करून टाकू.”

“आणि बारा?”

“तेही.”

“मग पडद्यावर रंग कुठून आणणार?” मामांनी बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एलएम१८८९ वर बोट ठेवलं. टीव्हीसाठी रंगांचा सिग्नल तयार करणारी ही चिप बारा व्होल्टांवरच चालते. म्हणजे मेमरी आधुनिक केली तरी ते मंडळ दुरुस्त करावंच लागणार होतं. मोड्यूल लावून बिघाड टळत नाही, फक्त त्याचा पुढचा बळी टळतो. भाचीने हे मान्य केलं. “पण पुढचा बळी टळणं हीसुद्धा काही छोटी गोष्ट नाही,” असंही ती म्हणाली आणि तेही खरंच आहे.

मेमरी हा यंत्राचा बदलता येण्याजोगा भाग आहे की त्याच्या ओळखीचा भाग, हा प्रश्न स्पेक्ट्रमपुरता नाही. इंग्लंडमध्येच त्याची दोन वेगवेगळी उत्तरं उभी आहेत. मँचेस्टरला २१ जून १९४८ रोजी ‘बेबी’ नावाच्या संगणकाने पहिल्यांदा स्वतःच्या मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम चालवला. त्याची मेमरी म्हणजे फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी सिद्ध केलेली कॅथोड रे ट्यूब, ३२ बिटांचे ३२ शब्द, काचेवरच्या विद्युतभाराच्या ठिपक्यांत. पन्नास वर्षांनी, १९९८ साली, त्याची चालती प्रतिकृती झाली तेव्हा बांधणाऱ्यांनी मेमरीसाठी खऱ्या ट्यूबाच वापरल्या. त्या लहरी आहेत, आसपासच्या विद्युत गोंगाटाने बिथरतात, पण वापरल्या. मॉरिस विल्क्स यांचा केंब्रिजचा एडसॅक १९४९ सालचा. त्याची मेमरी पाऱ्याने भरलेल्या नळ्यांमधून धावणाऱ्या ध्वनिलहरींची होती. ब्लेचली पार्कच्या राष्ट्रीय संगणक संग्रहालयात एडसॅक पुन्हा बांधायला घेतला तेव्हा पाऱ्याऐवजी निकेलच्या तारा वापरायचं ठरलं, कारण लोकांच्या वावरात इतका पारा ठेवणं धोक्याचं.

“हेच!” भाची म्हणाली. “संग्रहालयवाले पारा काढून निकेल घालतात. त्यामुळे एडसॅक खोटा ठरत नाही.”

“निकेलच्या तारेतही लहरच धावते गं. बिट एका टोकाने शिरतो, दुसऱ्या टोकाने निघतो, उचलून परत पहिल्या टोकाला द्यावा लागतो. पदार्थ बदलला, रीत तीच राहिली. तू रीतच बदलायला निघालीस. विसरणारी मेमरी काढून न विसरणारी घालतेस.”

मामांच्या या बोलण्यात वजन आहे. स्पेक्ट्रमच्या झेड८० प्रोसेसरमध्ये आर नावाचा एक रजिस्टर मुद्दाम मेमरीच्या ओळी ताज्या ठेवण्यासाठी दिलेला आहे. त्याचे मोजणारे बिट सात, म्हणजे तो १२८ ओळी मोजणारा आहे, कारण त्या काळच्या डायनॅमिक मेमरीला तेवढंच लागत होतं. प्रोसेसर आणि मेमरी एकमेकांकडे बघून घडले होते. सगळ्याच मेमरीच्या जागी स्टॅटिक रॅम बसवली तर तो रजिस्टर मोजत राहतो, पण त्याला काम उरत नाही. मात्र ज्याला आपला लहानपणीचा खेळ पुन्हा खेळायचा आहे त्याने यासाठी अडून का बसावं? वेगात फरक पडत नाही. पडदा वाचताना प्रोसेसरला थांबवण्याचं काम यूएलए ही चिप करते आणि ती जागच्या जागी असते. खेळणाऱ्याला काही कळणार नाही. या बाबतीत भाचीचा आग्रह चुकीचा म्हणता येत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. निदान होण्याआधी मोड्यूल लावलं तर पुरावा जातो, निदान झाल्यावर लावलं तर ती मालकाची निवड.

चिपा शोधताना मात्र दोघांच्या सवयी समोरासमोर आल्या. मामांची जुनी रीत म्हणजे संशयित चिपेच्या पाठीवर चांगली चिप बसवायची, पिनेला पिन टेकवून, आणि पडदा सुधारतो का ते पाहायचं. खालची चिप नुसती मुकी झाली असेल तर वरची तिचं काम उचलते. पण ती आतून अडकलेली असेल, सारखा ० किंवा १ रेटत असेल, तर दोघींची ओढाताण होते आणि काहीच कळत नाही. बोटाने तपासण्याचंही तसंच. चटका देणारी चिप बहुधा गेलेली असते, पण थंड असलेली चांगली असते असं नाही.

भाचीने खालची मेमरी तपासायला निदानाचा रॉम लावला. ज्या यंत्राची मेमरीच संशयित आहे त्यावर साधा प्रोग्रॅम चालवता येत नाही, कारण त्याला परत कुठे यायचं ते पत्ते लिहायलाही मेमरी लागते. हा प्रोग्रॅम एकही बाइट मेमरीत न ठेवता झेड८० च्या रजिस्टरांवरच चालतो आणि निकाल पडद्याच्या किनारीच्या रंगातून सांगतो, कारण किनारीचा रंग थेट यूएलएकडे जातो. आधी सगळीकडे ०, मग सगळीकडे १, मग एकाआड एक. आणि शेवटी प्रत्येक पत्त्यावर वेगळी किंमत लिहून सगळ्या पुन्हा वाचायच्या. ही शेवटची पायरी गाळणारे खूप असतात. लिहिलं आणि लगेच वाचलं तर जागेवर चिप नसतानाही कधी कधी बरोबर उत्तर येतं, कारण डेटाच्या तारांवर आधीचा भार क्षणभर टिकून असतो. वेगवेगळ्या पत्त्यांची परीक्षा घेतली तरच पत्त्यांची तार तुटली आहे का ते उमगतं.

निकाल आला: दोन बिट सगळ्या पत्त्यांवर चुकत होते, बाकी सहा स्वच्छ. “सगळेच बिट ठरावीक पत्त्यांवर चुकले असते,” भाची म्हणाली, “तर मी चिपांना हात लावला नसता. पत्ते फिरवणाऱ्या ७४एलएस१५७ बघितल्या असत्या.” मामांनी मान डोलावली. आयबीएम पीसीवर काम करताना ते हेच करत. तिथे २०१ हा आकडा आला की त्याच्या आधीच्या सोळाच्या पद्धतीतल्या आकड्यावरून बिट ओळखायचा. ०१, ०२, ०४ असं करत ८० पर्यंत, आणि ०० आलं तर पॅरिटीची नववी चिप. ती नववी चिप चूक पकडते, दुरुस्त करत नाही.

“एकदा चुकली म्हणून चिप काढायची नाही हं,” मामांनी बजावलं. इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७८ साली दाखवून दिलं होतं की चिपेच्या वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशातून निघणारे अल्फा कण एखादा बिट पालटू शकतात. चिप धडधाकट, तरी चूक एकदाच. म्हणून चाचणी पुन्हा पुन्हा चालवली. तेच दोन बिट प्रत्येक वेळी चुकले.

दोन चिपा काढताना मामांनी सोल्डर ओढणाऱ्या पंपाला हातच लावला नाही. नाजूक पक्कडीने आधी चिपेचे सोळाही पाय बुडाशी कापले, धड बाजूला ठेवलं आणि मग एकेक पाय तापवून चिमट्याने अलगद उपसला. या बोर्डांवरचे तांब्याचे ट्रॅक जरा जास्त तापले की पापुद्र्यासारखे उचलले जातात. अखंड चिप वाचवायच्या नादात बोर्ड घालवलेली यंत्रं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. “आयसी मेलेलाच आहे, त्याचे पाय तोडले म्हणून काय बिघडलं? बोर्ड दुसरा मिळत नाही.” तिथे सॉकेट बसले आणि त्यांत लॅमिंग्टन रोडवरून कधीकाळी आणलेल्या ४११६. सहा जुन्या चिपा जागेवरच राहिल्या.

भाचीला हे पटलं नव्हतं. सहाही एका वयाच्या, सहाही त्या बिघडलेल्या पुरवठ्यातून गेलेल्या. “यांतली प्रत्येक कधी ना कधी जाईल.”

“जाईल तेव्हा काढू.” मामा याला देखभाल म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची मेमरी फेराइटच्या कड्यांची होती, ४० बिटांचे २,०४८ शब्द. अशा मेमरीत कडी सहसा बिघडत नाहीत. बिघडतात ती त्यांना प्रवाह देणारी आणि वाचणारी मंडळं, डायोड, जोडण्या. सगळी मेमरी एका झटक्यात बदलणं हा पर्याय तेव्हाच्या तंत्रज्ञांपुढे नव्हताच, म्हणून बिघाडाच्या मागे मागे जाण्याची विद्या तयार झाली. ती विद्या जपण्यासारखी आहे, हे इथे निःसंकोच म्हणायला हवं. मोड्यूल विकत मिळतं, ही विद्या फक्त करून येते.

वीज दिली. काळा पडदा, लाल रेघा, पांढरा पडदा, कॉपीराइटची ओळ.

“या लाल रेघा का येतात ठाऊक आहे?” भाचीने विचारलं. मामांनी आयुष्यात त्या असंख्य वेळा पाहिल्या होत्या, कारण कधी शोधलं नव्हतं. तिने रॉममधला तो भाग वाचला होता. चालू होताच प्रोसेसर मेमरीच्या प्रत्येक बाइटमध्ये २ लिहितो. पडद्याच्या बाइटमध्ये २ म्हणजे आठातला उजवीकडून दुसरा ठिपका पेटलेला, आणि रंगाच्या बाइटमध्ये २ म्हणजे काळ्यावर लाल. मग तो प्रत्येक बाइटमधून १ वजा करतो, शून्य होता कामा नये. पुन्हा १ वजा करतो, आता शून्य व्हायलाच हवं. जिथे हे चुकतं तिथे मेमरी संपली असं समजून यंत्र पुढे जातं. म्हणून वरची ३२ किलोबाइट पार गेली तरी स्पेक्ट्रम १६ किलोबाइटचा होऊन कुरकुर न करता चालतो.

“पण विचार कर मामा. २, १, ०. यांत वरचे सहा बिट सतत शून्यच आहेत. त्यांतला एखादा शून्यावर अडकला असेल तर ही परीक्षा त्याला पासच करणार.”

तिने टाइप केलं: क्लिअर ३२७६७. त्यामुळे बेसिकचा सगळा पसारा खालच्या मेमरीत आला आणि वरची मेमरी मोकळी झाली. मग प्रत्येक पत्त्यावर २५५ लिहून परत वाचणाऱ्या दोन ओळी. बेसिक सावकाश चालतं. काही मिनिटं काहीच झालं नाही आणि मग ४०,००० च्या पुढे कुठेतरी एकामागून एक आकडे उमटू लागले. २५५ च्या जागी २२३. वजाबाकी ३२, म्हणजे ५ क्रमांकाचा बिट, म्हणजे आयसी२०. त्या चिपेतले थोडेच खण गेलेले होते. यंत्र उत्तम सुरू होत होतं आणि एखादा मोठा खेळ त्या खणांपर्यंत पोचला असता तेव्हाच कोसळलं असतं.

मामा खुर्ची ओढून जवळ बसले. वरच्या मेमरीची गोष्ट त्यांना माहीत होती. तिथल्या आठ चिपा मुळात ६४ किलोबिटच्या, पण कारखान्याच्या चाचणीत अर्ध्या नापास झालेल्या. ओकी आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स अशा चिपा ३२ किलोबिटच्या म्हणून स्वस्तात विकत आणि सिंक्लेअरने त्या घेतल्या. चांगला अर्धा वरचा की खालचा, ते बोर्डावरच्या एका जोडणीने ठरवायचं.

“म्हणजे तू ज्याला अस्सल म्हणतोस,” भाची म्हणाली, “ते पहिल्या दिवसापासून अर्धं नापास होतं.”

“हो. आणि म्हणून इथे मी तुझ्या बाजूचा. आयसी२० च्या जागी पूर्ण ४१६४ घालू. तिचे दोन्ही अर्धे चांगले, जोडणी कुठलीही असली तरी चालेल. सिंक्लेअरला परवडली असती तर त्याने तीच घातली असती.”

“उरलेल्या सातांचं काय?”

“सात राहतील.”

“मामा!”

“बरं, दोन जास्तीच्या आणून ठेव. पण घेताना नीट बघ, काही ४१६४ ना २५६ ओळींचा रिफ्रेश लागतो आणि आपला झेड८० मोजतो १२८. आणि छाप अॅसिटोनने पुसून बघ, नव्याने छापलेल्या फार फिरतात बाजारात.”

भाचीने दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या आणि त्याच कागदावर खाली स्टॅटिक रॅमच्या मोड्यूलचा भावही लिहिला.